माझी ट्यूब पेटवणाऱ्या काकांना, जाहीर थँक्यू

प्रिय काका,

सा.न.वि.वि. लिहायची सवय शाळेसोबत सुटली, पण तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, त्यामुळे सगळ्यांसमोरच लिहितोय. नाव लिहायचं नाही असा तुमचा दम आहे, तो पाळलाय.

आधी माझा मूर्खपणा. सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन सेकंडहँड मिळाला म्हणून उचलला, ३०० ओहमचा आहे (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) हे वाचलं होतं पण त्याचं करायचं काय हे माहीत नव्हतं, फोनला हेडफोन जोडायचं छोटं डोंगल लावून भीमसेनजींचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं तर आवाज असा की सवाईच्या मंडपाबाहेर पार्किंगमध्ये उभं राहून ऐकतोय. मग रात्री सगळे झोपले की ट्यूब अँपचे, म्हणजे काचेच्या ट्यूबवर आवाज वाढवणाऱ्या डब्यांचे, फोटो बघत बसायचं, त्या काचेच्या बाटल्या, तो नारिंगी उजेड, बायको म्हणाली देवघरात ठेवणारेस का. एका दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने हेडफोन कुठला हेसुद्धा न विचारता "सर ट्यूब म्हणजे वॉर्म साउंड" म्हणत एक डबा पुढे सरकवला. दुसरीकडे अमेरिकेहून आलेला एक जुना अँप स्वस्तात मिळत होता, त्याचा ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी देणार होतो. नशीब, की त्याच संध्याकाळी तुमचा मुलगा म्हणाला, आधी बाबांना विचार.

तुम्ही दारातच विचारलंत, किती ओहमचा? मग, ऐकतोस काय? आणि घरात लहान मूल आहे का? बजेटबद्दल अगदी शेवटी, तेही जाता जाता. आणि मी ट्यूब ट्यूब करत होतो तर, "ट्यूब घराच्या भिंतीवर असते, याला व्हॉल्व्ह म्हणतात, आमच्या रेडिओत असायचे."

मग लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही जे काढून दाखवलंत ते बिल मी भरलं पण फेकलं नाहीये. तुमचं म्हणणं, जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तिथे पाणी थोडंच लागतं पण प्रेशर पाहिजे, आणि प्रेशर म्हणजे व्होल्टेज. कमी ओहमचे प्लॅनर (सपाट पडद्याचे) हेडफोन म्हणजे तळमजल्यावरचं मंगल कार्यालय, प्रेशर बेताचं चालेल पण धार मोठी हवी, म्हणजे करंट. माझ्या डोंगलला मीटर लावलात तर फुल व्हॉल्यूमला जेमतेम अर्धा व्होल्ट. एचडी ६५० ला एक व्होल्ट दिला तर १०३ डेसिबल मिळतात, म्हणजे अर्ध्यातही बऱ्यापैकी आवाज यायला हवा, पण जुन्या रेकॉर्डिंगमधला आलाप त्या कमाल पातळीच्या खूप खाली चालतो, म्हणून माझी पार्किंगमधली सीट.

आणि मग ओटीएल अँप, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, व्हॉल्व्हमधून कपॅसिटर आणि थेट हेडफोन. व्हॉल्व्ह व्होल्टेज भरपूर देतो, करंट द्यायला कुरकुरतो, म्हणून ३०० आणि ६०० ओहमशी त्याचं जमतं. तुमच्या अँपमधला तो जाडा ६०८० नंबरचा व्हॉल्व्ह मुळात ऐकण्यासाठी बनलेलाच नव्हता, पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवायचं त्याचं काम, हे ऐकून मला फार मजा वाटली, म्हणजे हमालीला ठेवलेला माणूस ऐन वेळी गायला बसला.

पण तुम्ही त्याचं कौतुक करून थांबला नाहीत. अशा अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या पोटातलाच विरोध, १२० ओहमच्या आसपास. माझ्या हेडफोनचा ओहमसुद्धा सगळीकडे ३०० नाही, खालच्या बेसमध्ये ५०० च्या आसपास चढतो, त्यामुळे तिथे अँपमधली गळती कमी होते आणि बेस साधारण एक डेसिबलने वर येतो. लोक ज्याला वॉर्म वॉर्म म्हणतात त्यातला एक भाग म्हणजे हे साधं गणित! तिथे माझी ट्यूब पेटली, काका. आणि बायकोचा ३२ ओहमचा हेडफोन तिथेच लावला तर पाचातले जवळपास चार हिस्से व्होल्टेज अँपच्या पोटातच राहतं, आवाज दबका आणि वर हम, म्हणजे घूं. दुकानदाराने हे सांगितलं असतं तर तो डबा विकला गेला नसता, हे कळतं मला.

त्या अमेरिकन अँपच्या मागच्या पट्टीचा फोटो दाखवल्यावर तुम्ही फक्त "११७" वर बोट ठेवलंत. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता आला असता, पण मला ते सुचलंच नव्हतं, मी घरी आणून सरळ प्लग खुपसला असता. आतमध्ये दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतं, म्हणून झाकण उघडताना एक हात खिशात, हे तुम्ही तीन वेळा म्हणून घेतलंत माझ्याकडून, पाढे घेतात तसं.

ऐकण्याची परीक्षा तर मी विसरणार नाही. एकीकडे तुमचा व्हॉल्व्हवाला, दुसरीकडे साधा ट्रान्झिस्टरचा अँप, मीटर लावून दोघांचा व्होल्टेज समान केलात, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि मला पाठ करून बसवलंत. दोन तुकड्यांत मला काडीचा फरक कळला नाही. तिसऱ्यात तानपुऱ्यावर कळला, किंवा कळल्यासारखा वाटला. तुम्ही म्हणालात, "वाटला असं लिही, कळला असं लिहू नको." पैसे वाचवायचे तर साधा अँप घे हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, तरी मी व्हॉल्व्हच घेतला, उजेडासाठी घेतला असं म्हटलंत तर नाकारणार नाही.

मग तो सेकंडहँड अँप आला, २३० चा, एक ६०८० आणि एक छोटा व्हॉल्व्ह, १२एयू७, आणि पहिल्याच रात्री घूंऽऽ. मला वाटलं गंडलो. तुम्ही स्कूटरवरून कोथरूडला आलात, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून, लॅपटॉपचा चार्जर काढायला लावलात, निम्मी घूं गेली, ती चार्जरची. उरलेल्या निम्म्यासाठी टेस्ट लॅम्प काढून आमच्या भिंतीतलं सॉकेट तपासलंत तर अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नाही, तिसरं भोक निव्वळ शोभेला. आठ वर्षं राहतोय आम्ही त्या फ्लॅटमध्ये, फ्रिज, गिझर, सगळं तसंच. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून घरभराची सॉकेटं तपासली, अजून दोन तशीच निघाली. अँप राहू दे काका, आईला मी फक्त हे सांगितलं आणि तिने तुमच्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या, त्या या अर्थिंगसाठी होत्या.

मुलीचा हात लागू नये म्हणून तुम्ही बनवून दिलेली जाळी अजून घट्ट आहे. मे महिन्यात मात्र दार लावून ऐकवत नाही, एकट्या ६०८० चा हीटरच जवळपास १६ वॉट खातो, खोलीत गुडघ्याएवढा उन्हाळा जास्त. पावसाळ्यात तोच अँप इतका आवडतो की काय सांगू, बाहेर पाऊस, घर झोपलेलं, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करायचा, अर्धा-एक मिनिट तापू द्यायचा आणि मगच हेडफोन लावायचा, तुम्ही शिकवलंत तसं. आता मी मंडपात आहे, पहिल्या रांगेत नसेन, पण पार्किंगमध्ये नक्की नाही.

बाकरवडीच्या डब्यात पेपरात गुंडाळून दिलेला स्पेअर १२एयू७ अजून वापरलेला नाही.

तुमचा,
तापकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) सोल्डर आणायला पाठवला तर भलतंच घेऊन येणारा

ता.क. परवापासून डाव्या कानात अधूनमधून चरचर येतेय. बंद करून, थंड होऊ देऊन छोटा व्हॉल्व्ह काढला, पिना पुसून परत बसवला की दोन दिवस थांबते. म्हणजे सॉकेट ना, काका? की तो बाकरवडीचा डबा उघडू?