सपाट चित्रांवरून त्रिमिती वस्तूची ओळख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकावरील वस्तूंची त्रिमिती मॉडेल धुंडाळण्याविषयीच्या आपल्या लेखात, मॉडेलची सपाट चित्रे काढून त्यांवरून ते ओळखण्याच्या पद्धतीला ‘कामचलाऊ’ म्हटले आहे. रोज अशा फाइल्स धुंडाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे विशेषण अन्यायकारक वाटते.

तैवानमधील संशोधकांनी 2003 साली मांडलेल्या ‘लाइट फील्ड डिस्क्रिप्टर’ पद्धतीत मॉडेलभोवती द्वादशफलकाच्या (बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) 20 शिरोबिंदूंवर कॅमेरे कल्पिले जातात. छायाकृती (फक्त बाह्याकृती दाखवणारी चित्रे) मात्र 10च साठवाव्या लागतात, कारण समोरासमोरच्या दोन बिंदूंवरून दिसणारी बाह्याकृती आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे एकच असते. मग कॅमेऱ्यांची ही चौकट 60 प्रकारे फिरवून दोन मॉडेलांतील सर्वांत कमी फरक शोधतात. याला कामचलाऊ कसे म्हणावे?

2015 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी मॉडेलभोवती दर 30 अंशांवर एक अशी 12 चित्रे घेऊन ती न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला) दिली, तेव्हा ‘मॉडेलनेट’ या त्रिमिती मॉडेलांच्या संग्रहातील 40 वर्ग ओळखण्याची अचूकता 90 टक्क्यांवर गेली. थेट त्रिमिती घनांवर चालणारी त्याआधीची पद्धत 77 टक्क्यांवर होती. तिच्यात वस्तू 30×30×30 अशा जाळीत, म्हणजे 27,000 घरांत बसवावी लागे आणि खुर्चीचा बारीक पाय तेवढ्यात एक तर जाडजूड होई किंवा नाहीसाच होई. तितकीच घरे सपाट चित्रात वापरली, तर चित्राच्या प्रत्येक बाजूला सुमारे 164 बिंदू मिळतात. शिवाय चित्रे वाचणारे नेटवर्क लाखो छायाचित्रांवर आधीच तयार झालेले होते, हा लाभ घनांच्या वाट्याला आला नव्हता.

लेखकाने दोषच दाखवायचा होता, तर तो वेगळा आहे. पोकळ कप आणि तसाच कानाचा भरीव ठोकळा यांची छायाकृती कुठल्याही बाजूने पाहिली तरी सारखीच येते, आणि छायाप्रकाशासह काढलेल्या चित्रांतही झाकलेली पोकळी दिसत नाहीच. दुसरे असे की, 12 चित्रांची मांडणी मॉडेल सरळ उभे आहे हे गृहीत धरते. प्रत्यक्षात एका सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा ‘वाय’ अक्षाची, तर दुसऱ्यात ‘झेड’ची असते, त्यामुळे हाती येणारी निम्मी टेबले आडवी पडलेली असतात (हा माझा रोजचा वैताग). त्याच संशोधकांनी हे गृहीतक सोडून 80 चित्रांची मांडणीही दिली होती, हे लेखात यायला हवे होते.

यापुढे अचूकतेचे आकडे छापताना मॉडेल आधी सरळ करून घेतली होती की नाही, एवढे त्याच ओळीत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक