पाटीवरचं नाव

संपादक महोदय,

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आहे, अशी घरं आता साताऱ्यातही कमी नाहीत. तिथल्या विमानतळावर उतरणाऱ्या आईवडिलांनी पाटीवरचं 'नॉर्मन मिनेटा' हे नाव क्षणभर थांबून वाचावं, म्हणून हे पत्र.

२००१ मध्ये मी त्या शहरात नोकरीला होतो. ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर सावळ्या, दाढीवाल्या माणसाला दुकानात जायचीही धास्ती वाटे. ऑक्टोबरमध्ये एका विमानतळावर अख्ख्या रांगेतून मला एकट्याला बाजूला काढलं. आईने दिलेली मेतकुटाची पुडीसुद्धा फोडून पाहिली. मी मान खाली घालून विमानात बसलो.

नंतर एका सहकाऱ्याने सांगितलं, अरे, तक्रार कर, तसा आदेशच आहे. मिनेटा तेव्हा अमेरिकेचे वाहतूकमंत्री होते, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या मंत्रिमंडळातले एकमेव डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाचे. हल्ल्याच्या दिवशी आकाशातली हजारो विमानं काही तासांत उतरवली ती त्यांच्याच खात्याने. चेहरे बघून झडत्या घ्या, असा ओरडा तेव्हा चहूकडून होता. पण २१ सप्टेंबरलाच त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना लेखी बजावलं होतं की वंश, धर्म, नाव किंवा पेहरावावरून प्रवाशाला वेगळं काढायचं नाही.

हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, याच सॅन होजेतून दहा वर्षांच्या नॉर्मनला घरच्यांसह आगगाडीत बसवलं, ते केवळ कुटुंब जपानी वंशाचं म्हणून. हातातली बेसबॉलची बॅट हत्यार ठरवून पहाऱ्यावरच्या सैनिकांनी काढून घेतली. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ठेवलं, मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत. त्याच गावाने १९७१ मध्ये त्यांना महापौर केलं! मोठ्या अमेरिकी शहराचे ते पहिले आशियाई वंशाचे महापौर. पुढे वीस वर्षं ते संसदेत होते. रस्त्यांचा केंद्रीय पैसा कुठे लागावा हे ठरवताना शहरांचा शब्द चालावा, यासाठी १९९१ च्या कायद्यात ते झटले. महापौराच्या खुर्चीत बसलेल्यालाच ती नड ठाऊक.

छावणीतल्यांची देशाने माफी मागावी, हा कायदाही त्यांनी इतरांबरोबर लावून धरला. १९८८ मध्ये तो झाला, ४६ वर्षांनी. माझ्या तक्रारीवर विमान कंपनीचं माफीपत्र सहा आठवड्यांत आलं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

– एक निवृत्त संगणक अभियंता, सातारा