सूचना : उन्हाळ्यापूर्वी कूलिंग सिस्टीमची तपासणी

सर्व ट्रकमालक सभासदांस कळविण्यात येते की, भरलेली गाडी घेऊन कसारा किंवा बोरघाट चढताना उन्हाळ्यात इंजिन तापण्याचे प्रकार वाढतात. त्यामुळे मार्चअखेरपर्यंत प्रत्येकाने आपल्या गाडीची कूलिंग सिस्टीम तपासून घ्यावी.

वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्राजवळ कूलंट झिरपल्याचा ओघळ दिसल्यास आतील सील गेले असे समजावे आणि वरून एम-सील न थापता पंपच बदलावा. रेडिएटर कॅप केवळ बसते म्हणून घेऊ नये; कमी दाबाच्या कॅपमुळे कूलंट लवकर उकळते, म्हणून कंपनीने ठरवलेला दाब जुळवूनच घ्यावी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडची जुनी खोड मात्र सोडायलाच हवी, कारण अनेक इंजिनांत त्यामुळे बायपासची वाट उघडी राहते व काही कूलंट रेडिएटरमध्ये न जाता तसेच गरम परत येते.

फुगलेला किंवा क्लिपजवळ चिरलेला होज (कूलंटचा रबरी पाइप) बदलताना क्लिपही नवीन घालावी. बोअरचे पाणी भरू नये; त्याने क्षार साचतात आणि लायनरला (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीला) बाहेरून खड्डे पडतात. इंजिन गरम असताना कॅप उघडू नये, ही बाब चालक व क्लीनर यांना आवर्जून सांगावी.

— तांत्रिक समिती