मावशी, तुमची तेलाची वाटी माझ्याकडंच राहिली

रामराम मावशी,

तुम्हाला वाचता येत नाही हे माहितीय मला, म्हणून हे मोबाईलवर लिहायलेय. तुमची नात कॉलेजातून आली की तिच्याकडून वाचून घ्या, आणि वाचता वाचता ती हसली तर तिला रागवू नका, पत्रात हसण्यासारखी मीच आहे.

बाकीच्यांसाठी सांगते, मावशी म्हणजे आमच्या लातुरात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या. मागच्या डिसेंबरात लेक पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, आणि त्या कडाक्याच्या थंडीत सव्वा महिना रोज साडेआठच्या ठोक्याला मावशी दारात. एक दिवस खाडा नाही. बाळाची मालिश, बाळंतिणीची मालिश, शेक, ओव्याची नि बाळंतशेपाची धुरी, सगळं झकास केलं, त्याचे पैसे दिले, साडी-चोळी केली, ते झालं. हे आभार वेगळ्या कामाचे आहेत, ज्याचे त्यांनी एक रुपया घेतला नाही.

आधी माझी बाजू ऐका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. 31 मे 2020 ला 58 पूर्ण होऊन रिटायर झाले, ते लॉकडाऊनमध्ये, म्हणजे ना निरोप समारंभ, ना शाल, ना श्रीफळ, ना ती रडकी भाषणं. बरं, बायकांना 58 नंतर रेल्वेत अर्धं तिकीट असायचं, त्याच्यावर मी कितीतरी वर्षं डोळा ठेवून होते, तर ती सवलत त्याच मार्चात बंद झाली. म्हातारपणाचा फायदा एकही पदरात नाही आणि वरून आजी म्हणवून घ्यायचं? मी लेकीला सातव्या महिन्यातच बजावलं होतं की मला आजी-बिजी म्हणायला शिकवायचं नाही, 'मोठी मम्मा' म्हणा. जावई बिचारा मान डोलवत होता, पण हसू दाबायलाय हे मला दिसत होतं.

आणि पहिल्याच दिवशी तुम्ही चपला काढता काढता ओरडलात, "आजीबाई, पाणी तापलं का?" मावशी, खरं सांगते, मी मागं वळून बघितलं, घरात कोण आजी आली म्हणून.

मी तोंड वाकडं केलेलं तुम्हाला दिसलं असणारच. तुम्ही पाटावर बसलात, पाय लांब केले, त्या एवढ्याशा लेकराला नडग्यांवर पालथं घेतलं आणि तेल जिरवता जिरवता म्हणलात, "आवं बाई, आजी म्हणल्यानं मानूस म्हातारं हुत न्हाई, गुडघ्यानं हुतंय." माझे गुडघे तर तुमच्या शेजारी नुसतं बसायलाच दोन मिनिटं घेत होते, आणि उठताना जो आवाज यायचा त्यानं बाळ दचकायचं. तुम्ही पंच्याहत्तरीच्या पुढं. तुमचे नाही का वाजत, असं विचारलं तर म्हणे, "वाजतेत की. त्याच तालावर मी लेकराला गानं म्हन्ते."

पाचवीची गंमत तर मी सगळ्या ग्रुपवर सांगून झाले. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवायचा, आणि 30-32 वर्षं वह्या तपासलेल्या माझ्या घरात त्या दिवशी सापडला तो एकच पेन, लाल. मी ठेवला बापडा. तुम्ही बघितलात आणि कपाळावर हात मारून घेतला, "बाई, सटवाईनं काय लेकराला नापास करावं का?" लेक टाके विसरून इतकी हसली की मग कळवळली. शेवटी शेजारच्या पोराकडून निळा पेन आणला.

मग डोकं. सव्वा महिना मेंदी लावायला वेळ कुठला, भांगात पांढरी रेघ बोटभर झाली. मी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पदर पुढं ओढून बसायची. तुम्ही एकदा बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणलात, "आजीला बी नवं जावळ फुटलंय. नातीचं काळं, आजीचं पांढरं." त्यानंतर मी मेंदी लावलीच नाही. आता सगळं डोकं पांढरं आहे आणि भाजीवाला आपणहून कोथिंबीर टाकतो, हा एक फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

पण जास्त उपकार गुटीचे. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणी बी नाही, डोळ्यांत काजळ नाही, नाका-कानात तेल सोडायचं नाही. आणि माझ्या जाऊबाई सहाण घेऊन हजर, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, सगळी डबी. लेक ठाम नाही म्हणाली. मी मधे लटकले. कारण मी हिलाच लहानपणी गुटी उगाळून पाजलेली, ती चूक होती म्हणायचं तर माझं सगळं आईपणच तपासायला काढल्यासारखं वाटायचं. आम्हाला सगळ्यांना वाटलं तुम्ही जाऊबाईंची बाजू घेणार. तुम्ही धुरीच्या शेगडीत फुंकर मारत म्हणलात, "मी बी लई लेकरांला चाटवली. मग आशाताईनं समजावून सांगितलं, तवापासनं बंद. मी सत्तरीत बदलले, तुमाला काय धाड भरलीय?" डबी मिटली. काजळाची हौस तळपायाला तीट लावून भागवली. त्या दिवशी मला वाटलं, म्हातारं व्हायचं तर असं व्हावं.

जावयानं ऑनलाईन मागवलेलं ते महागडं बदाम तेल आठवतंय? तुम्ही वास घेऊन बाजूला सारलंत, "हे आजीच्या कामाचं." मी समजले चेष्टा आहे. तर त्या दिवशी बाळ झोपलं, लेक झोपली, आणि तुम्ही जायच्या ऐवजी मला म्हणलात, बसा पाटावर. मी नको नको म्हणत होते. तुम्ही माझे गुडघे, पोटऱ्या, तळवे तासभर रगडलेत. मावशी, माझ्या पायांना दुसऱ्याच्या हाताचं तेल लागलं ते 1993 मध्ये, माझ्याच बाळंतपणात. मी रडले, तुम्ही काही विचारलं नाही, नुसतं "ह्या पायाला लई वात हाय" म्हणून तो पाय जास्त चोळलात.

तेव्हाच तुम्हाला मी सासूबाईंचं सांगितलं. लेक सहा महिन्यांची होती, आम्ही औशाला राहायचो. 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार-पाच मिनिटं कमी, आदल्या दिवशीच गणपती बुडवलेले. किल्लारीचा भूकंप. घर हलायलं तसं सासूबाईंनी पाळण्यातून लेकरू उचललं आणि पळाल्या बाहेर, स्वतःच्या पोराला हाक सुद्धा मारली नाही. पुढं कितीतरी रात्री बाहेर, वरून पाऊस, आणि लेकरू त्यांच्या पदराखाली. मला त्या तेव्हा फार म्हाताऱ्या वाटायच्या. तुम्ही विचारलंत, वय काय हुतं त्यांचं? मी हिशोब केला. पन्नास. मी आत्ता 63 ची आहे आणि मोठी मम्मा म्हणा म्हणून हट्ट करून बसले होते! आपण दोघी किती हसलो, बाळ उठलं.

निघताना तुमचा तो तिकिटाचा तोरा. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट, म्हणजे 65 झाल्यावर मला नवीन काहीच मिळणार नाही असं मी कुरकुरत होते, तर तुम्ही कनवटीचं शून्य रुपयाचं तिकीट काढून नाचवलंत. "पंच्याहत्तर व्हा की लौकर, अर्ध्यात काय ठिवलंय!" आधारवर तुमचा जन्म 1 जानेवारीचा, तुमच्या सगळ्या जावांचा पण 1 जानेवारीचाच, त्यामुळं तुम्ही नक्की किती वर्षांच्या हे देवालाच ठाऊक, पण कंडक्टर मानतोय म्हणल्यावर मी कोण बोलणारी.

नात आता पुण्याला आहे, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. परवा स्क्रीनवर माझं पांढरं डोकं दिसल्या दिसल्या "आज्जा आज्जा" ओरडली. आज्जा म्हणजे आमचे हे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि दोन दिवस ते त्याच मिजाशीत फिरायलेत. मी भांडायलेय की ते मलाच होतं. तुम्ही येऊन निकाल द्या.

आणि तेलाची पितळी वाटी माझ्याकडंच राहिलीय तुमची. नातीचं जावळ काढायला सगळे पुढच्या महिन्यात येणार आहेत, तेव्हाच न्या. दारातून नेऊ देणार नाही, जेवायला थांबायचं, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी करते, आणि दुसरा गुडघा पण दाखवायचाय.

तुमची,
आजीबाई