चित्र ‘सोडवायला’ही शिकवले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर, घरातल्या लग्नाच्या पत्रिकेचे निमित्त होऊन, इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकृत्यांनी बनलेल्या चित्रांचे, विनामूल्य सॉफ्टवेअर शिकू लागलो. त्यात जे अडथळे आले त्यांचा संबंध माझ्या वयाशी कमी आणि शिकवण्याच्या रूढ क्रमाशी अधिक होता, असे आता वाटते, म्हणून हे पत्र. नवशिक्याला आपण आधी वर्तुळ, चौकोन आणि तारा काढायला लावतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्यासमोर पहिले काम येते ते दुसऱ्याने केलेले चित्र उघडून त्यातला एखादाच भाग उचलण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे, आणि नेमके तेच त्याला कोणी दाखवलेले नसते.

मला मोराच्या चित्रातले एकच पीस हवे होते. पिसावर क्लिक केले की सगळा मोर निवडला जाई. गट सोडवण्याची आज्ञा सापडल्यावर ती मी उत्साहाने तीन-चारदा दिली आणि मोराचे शेकडो तुकडे झाले. पीस ओढले तेव्हा त्यावरचा डोळा जागीच राहिला आणि नुसती हिरवी चकती हाती आली. असे चित्र गटांत आणि गटांच्या पोटातल्या गटांत बांधलेले असते. गटावर दोनदा क्लिक केले की तो न मोडता आत शिरता येते आणि पीस त्याच्या डोळ्यासकट उचलता येते. आणि आपण निवडलेली वस्तू गट आहे की सुटी आकृती, हे खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत प्रत्येक वेळी लिहून येते. एवढे मला पहिल्या दिवशी कळले असते तर मोर वाचला असता.

नक्कल करण्यातही चकवा आहे. डुप्लिकेटची आज्ञा दिली की नवी प्रत मूळ आकाराच्या बरोबर वर बसते, त्यामुळे काहीच घडले नाही असे वाटून नवशिका तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देतो. माझ्या पानावर अशी अकरा पिसे एकावर एक निघाली. क्लोन हा नकलेचा दुसरा प्रकार मात्र मला फार भावला. शासकीय रेखाकला परीक्षेच्या संकल्पचित्रासाठी आम्ही मुलांना नक्षीचा एक घटक काढून तो ट्रेसिंग पेपरने फिरवत उतरवायला शिकवत आलो. साधी प्रत म्हणजे तोच ट्रेसिंग पेपर, एकदा उतरली की मुळाशी तिचा संबंध संपला. क्लोन मुळाशी बांधलेलाच राहतो. मूळ पाकळीचा एक बिंदू ओढला की सोळाही पाकळ्या तशाच वळतात. खोडरबराने भोके पडलेले कागद ज्याने वर्षानुवर्षे तपासले, त्याला याचे किती अप्रूप वाटेल ते सांगायला नको. आकृतीच्या कडेवरील बिंदूंना जोडलेल्या दांड्या ओढून वळवायच्या या वक्ररेषा रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखल्या जातात. आम्ही ज्या पट्टीने वळणे काढत होतो तिलाही फ्रेंच कर्व्हच म्हणत, हा योगायोग गमतीचा आहे.

खरी कसोटी लागते ती देवनागरीत. मजकुराचे आकृतीत रूपांतर केले, म्हणजे छपाईवाल्यांच्या भाषेत तो ‘कर्व्ह’ केला, की शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या राहतात. पडद्यावर एकाच रंगात हे दिसत नाही. पण अक्षरांना वेगळ्या रंगाची किनार दिली, किंवा फाईल रेडियम, म्हणजे चिकटपट्टीची अक्षरे, कापणाऱ्या यंत्राकडे गेली, की अक्षराअक्षरापाशी शिरोरेषेला चीर पडते. सगळी अक्षरे निवडून युनियनची, म्हणजे आकृत्या एकसंध करण्याची, आज्ञा दिली की शिरोरेषा अखंड होते. उलट, ब्रेक अपार्ट ही आकृतीचे भाग सुटे करणारी आज्ञा दिली की ठ, व आणि ब यांची पोटे भरून जातात, कारण पोकळीही स्वतंत्र आकृती होऊन त्याच रंगात अक्षरावर बसते. दोन्ही आकृत्या पुन्हा निवडून कंबाइनच्या आज्ञेने एका आकृतीत जोडल्या की पोकळी परत मिळते.

आमच्या वसाहतीच्या फलकाची पीडीएफ छपाईवाल्याकडून आली तेव्हा तीत ‘पूर्व’ हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहिलेला होता आणि सर्व मजकूर कर्व्ह केलेला असल्याने तो टंकून बदलणे शक्य नव्हते. त्याच फलकावर खाली ‘सूचना’ हा शब्द होता. सुदैवाने उकार सुट्या आकृत्या म्हणून राहिले होते. मी ‘सू’चा दीर्घ उकार निवडला, त्याची प्रत काढली, ती थोडी मोठी करून ‘पु’च्या पायाशी बसवली आणि आधीचा उकार पुसला. मला जमलेले हे पहिले खरे काम, आणि त्यात मी नवे असे काहीच काढले नव्हते.

दुसऱ्याच्या चित्राचा भाग उचलताना त्याची परवानगी किंवा परवाना पाहावा लागतो, हेही याच तासाला सांगता येईल. केवळ एक फूल घेतले म्हणून ते आपले होत नाही.

माझी विनंती एवढीच की, शाळांमधील संगणक आणि चित्रकला या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून आठवी-नववीच्या मुलांना असे काही तास द्यावेत. खर्चाचा प्रश्न येत नाही, कारण इंकस्केप २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि ते ज्या एसव्हीजी स्वरूपात चित्र साठवते तेही खुले मानक आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने इंकस्केपचे पाठही केलेले आहेत. मुलांना पहिल्या तासाला कोरे पान न देता वारली नृत्याची गटांत बांधलेली तयार फाईल द्यावी, आणि तारपा वाजवणारा तेवढा उचलून, बाकीचा फेर न मोडता, दुसऱ्या पानावर ठेवायला सांगावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा