वायफायचा प्लग काढायच्या आधी लॉग बघा

संपादक महोदय,
आमच्या अभ्यासिकेचं वायफाय रोज संध्याकाळी नवीन मोबाइल घ्यायचंच नाही, मग कोणीतरी उठून ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय देणाऱ्या डब्याचा) प्लग काढून परत लावायचं की झालं चालू, पण लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची नोंद, त्या डब्याच्या रॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) असतो ना, प्लग काढला की पुरावाच गेला! शेवटी मी डब्याच्या सेटिंगमध्ये सिस्लॉग सर्व्हरच्या (लॉग दुसरीकडे पाठवून साठवायच्या) रकान्यात एका जुन्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला, पोर्ट ५१४, लेव्हल ६ म्हणजे इन्फो (साध्या माहितीच्या नोंदीही), आणि एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू केलं, वेळ चुकीची असेल तर लॉग काय कामाचा. दुसऱ्याच दिवशी ओळ दिसली, ‘नो ॲड्रेस अव्हेलेबल’, म्हणजे द्यायला पत्ताच शिल्लक नाही. मोबाइलना द्यायचे पत्ते फक्त ५० आणि लीज, म्हणजे एक पत्ता एका मोबाइलकडे राहायची मुदत, २४ तासांची! लीज २ तासांवर आणली, त्रास थांबला.
शाळा, वाचनालयांनी हे नक्की करावं. फक्त कोण कधी जोडलं हेही त्यात दिसतं, म्हणून तो कॉम्प्युटर कुलपात ठेवा.

– एक वाचक