हॉलचा कोबा आणि बाबांची वर्तुळं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, चष्मा लावून, बसून वाचा. आई, तू वाचून दाखवणार असशील तर मधली वाक्यं गाळू नकोस, त्यांना लगेच कळतं.

आपल्या रोलर स्केटिंगच्या हॉलचा कोबा फोडायचं नक्की झालं आहे. मंडळाला होकार मी दिला, तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून पंचवटीने निघाला असतात, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच नको म्हटलंय.

डागडुजीवर भागलं नसतं का, हे तुमच्या ओठांवर आलंच असेल. नसतं भागलं. खिडकीकडच्या बाजूला काठीने ठोकून पाहिलं, निम्मा कोबा पोकळ वाजतो. काचेच्या पट्ट्यांलगतच्या कडा तुटल्यात. ५७ मिलिमीटरचं चाक तिथे अडखळलं की मूल गुडघ्यावरच येतं. भेगांत सिमेंट भरून पाहिलं होतंच की आपण. तो लेप जुन्या कोब्याशी एकजीव होत नाही, पावसाळा सरला की पापुद्र्यासारखा उचलतो, आणि त्याचं पीठ थेट बेअरिंगमध्ये. एका जोडीला आठ चाकं, चाकाला दोन बेअरिंग. तीस जोड्यांची ४८० झाली. ती रॉकेलमध्ये धुवायची, कोरडी करायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा. आपल्या खाऱ्या हवेत धुऊन नुसती ठेवली तरी तांबेरतात. तुम्ही हे आता करायचं नाहीये.

नवा कोबा ४० मिलिमीटरचा, चौकोन पाडून, आज एक तर उद्या शेजारचा, म्हणजे आकसताना भेग सांध्यावर पडेल, मधे नाही. गवंड्याला वरून कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखी घोटाई करायची होती. ती मी करू दिली नाही. ती दिसते छान, पण दमट हवेत चाक धरत नाही आणि वर्षभरात धूळ सोडायला लागते. सात दिवस पाणी साठवून ठेवायचं, आणि २८ दिवस एकही चाक आत नाही, मंडळाच्या अध्यक्षांचा नातू असला तरी.

आता वर्तुळं, फिगर्सची, म्हणजे ज्यांच्या रेघेवरून चाक न सोडता मुलं फिरतात ती. हो बाबा, ती जाणार. पण फोडण्याआधी मोठ्या वर्तुळांची मापं घेतली आहेत. तिन्ही मध्यबिंदू दोन-दोन भिंतींपासून मोजून, तुमच्याच निळ्या वहीत, तुमच्या आकृतीच्या खाली लिहिलेत. ६ मीटर व्यासाची तीन, एकमेकांना टेकलेली, म्हणजे सरळ १८ मीटर. आणि लूपची, म्हणजे आत छोटा फास काढायची, २.४ मीटरची लहान. नव्या कोब्यात मध्यबिंदूंवर पितळी स्क्रू बसवून घेतेय, पुन्हा शोधायला नकोत. आखताना सुतळी वापरणार नाही. ती ताणली की वाढते, आणि फिरून आलेली रेघ सुरुवातीशी जुळत नाही. तीन मीटरची तार घेतलीय. ऑइल पेंटचा हात पातळच, जाड थरावर चाक सटकतं.

एकच गोष्ट: पूर्वी वर्तुळांचे दोन संच होते, आता एकच होईल. दुसरी अर्धी जागा इनलाइनवाल्या, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सच्या, मुलांना द्यावी लागतेय. आईच्या फीच्या वहीत पाहिलंत तर हॉलचं भाडं कोणाच्या जिवावर निघतं ते दिसेल. फिगर्स बंद होत नाहीयेत. शनिवार-रविवार सकाळी सहा ते आठ राखून ठेवलेत, तुमच्या हाताखाली शिकलेली ती दोघं घेतील. बर्फावरच्या फिगर्स १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून गेल्या. रोलरवर त्या टिकल्या, आणि आपल्या हॉलमधून तर मी जाऊ देणार नाही. बर्फावर पातं स्वतःची खूण सोडतं, परीक्षक वाकून ती तपासायचे. इथे रेघ आधीच आखलेली, त्यामुळे चाक रेघेवरून सुटलं की लांबून दिसतं. थ्री टर्नला, एका पायावर पुढून मागे वळताना, वर्तुळाबाहेर फुगणारी मुलं तुम्ही बाकावर बसूनही ओळखायचात.

स्मरणिकेचा मजकूरही मीच पुरा केला. रागावू नका, माळ्यावर चढायला तुम्हाला बंदी आहे. अमेरिकेतल्या प्लिम्प्टनची १८६३ची चार चाकी स्केट आणि तिचं रबरी कुशन तुम्ही लिहिलंय तसंच ठेवलं. पाऊल झुकवलं की चाकं वळतात ती त्यामुळेच, हे आजच्या पालकांना माहीत नसतं. ते कुशन कडक झालं की पंचवीस किलोच्या पोराच्या वजनाला दबत नाही, मूल वळत नाही, आणि बोलणी मुलाला बसतात. शिमल्याच्या १९२० सालच्या बर्फाच्या रिंकवरची तुमची चार पानं मात्र चार ओळींवर आणली. संध्याकाळी पाणी शिंपडून रात्रीच्या थंडीत थर गोठवायचा, एवढं पुरे. गोराईच्या एस्सेलवर्ल्डच्या बर्फावर पोरांनी रोलरच्या सवयीने थांबायला पुढचा स्टॉपर टेकवायला जाऊन पात्याचे पुढचे दात रुतवले, ते अख्खं ठेवलंय. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतली रोलर स्केटिंगची अनूपकुमार यामाची दोन कांस्यं, त्यातलं एक अवनी पांचाळबरोबर जोडीत, हेही आहे. शाळेच्या बुटांवर पट्ट्याने बांधून चावीने आवळायच्या त्या लोखंडी स्केट्स तर पहिल्याच पानावर, आईने सगळ्यांच्या पायांत पावडर टाकतानाच्या फोटोसकट. आई, त्या फोटोत तू किती लहान दिसतेस गं.

बाबा, तुमची काळी जोडी विकलेली नाही. बेअरिंग काढून डबीत, बूट कागद कोंबून कपाटात. पण ती पायात चढवायची नाही, "नुसती उभं राहून बघतो" हेही नाही.

परत याल तेव्हा घरात काही बदललेलं वाटू नये म्हणून तुमची खुर्ची गॅलरीतच आहे. न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्यात, एक कमोडपाशी, एक नळापाशी. दूधवाल्याला अर्धा लिटर गाईचंच सांगितलंय.

तोवर दादाकडे मोजे घालून फरशीवर चालू नका, नाशिकला कितीही थंडी असली तरी. वहिनीला रबरी तळाच्या सपाता आणायला सांगितल्यात. रक्तदाबाची गोळी सकाळची, चहानंतर नाही, आधी. आई, तू गोळी हातात देऊन निघून जाऊ नकोस, घेतली का ते बघ. आणि बाबा, लूपच्या वर्तुळांची नेमकी जागा तुमच्या आकृतीत खोडलेली आहे, भिंतीपासून २ मीटर की सव्वादोन ते दादाच्या फोनवरून रविवारपर्यंत कळवा. सोमवारी गवंडी येतोय.

तुमची,
धाकटी